नागपूरहून बेसिक माउंटेनियरिंग कोर्सला जाणाऱ्या मुलामुलींसाठी : तिथे काय होतं, घरून काय करून जावं

सेमिनरी_हिल्स
दर हंगामात आपल्याकडची मुलं उत्तरकाशीची नेहरू संस्था (स्थापना १९६५), दार्जिलिंगची हिमालयन संस्था (१९५४) आणि मनालीची अटलबिहारी वाजपेयी संस्था इथल्या निवासी कोर्सना जातात. जायच्या आधी सगळ्यांचे प्रश्न तेच असतात : थंडी किती, बूट कोणते, जेवण कसं. कोर्स ज्याच्यावर निघतो किंवा अडतो, ते मात्र कोणी विचारत नाही. म्हणून हा धागा. ज्यांना माहिती आहे त्यांनी नेमकं लिहा. आठवणी नकोत, पुढच्याला हाताशी येईल असं काही द्या.

आधी ढाचा सांगतो. बेसिक कोर्स साधारण २६ ते २८ दिवसांचा असतो. पहिले काही दिवस संस्थेत आणि जवळच्या कातळावर जातात. उत्तरकाशीत त्यासाठी टेखला, दार्जिलिंगला तेनझिंग रॉक आणि गोंबू रॉक. त्यानंतर पाठीवर सामान घेऊन बेस कॅम्पपर्यंतची चाल, मग हिमनदीवर बर्फाचं प्रशिक्षण, शेवटी उंचीचा एक टप्पा आणि परत. उत्तरकाशीवाले डोकरियानी बामक हिमनदीकडे जातात. दार्जिलिंगवाले पश्चिम सिक्कीममध्ये युक्सोमहून बाखिम, त्शोका, झोंगरी असं चढत ४,४०० मीटरच्या आसपास चौरीखांगला पोहोचतात. नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटर. चौरीखांगला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ५८-६० टक्के. हा फरक नागपुरात अंबाझरी तलावावर कितीही धावलं तरी भरून निघत नाही, तो फक्त हळू चढण्यानं भरून निघतो.

संस्थेतला दिवस पहाटे पाचच्या चहानं उघडतो. सहाला पीटी आणि धावणं, नाश्ता, मग सॅक पाठीवर घेऊन कातळापर्यंत चाल, दुपारचं जेवण बहुधा तिथेच. संध्याकाळी नकाशा, हवामान, प्रथमोपचार यांचे वर्ग. दिवे लवकर जातात. प्रशिक्षकांना सगळे ‘उस्ताद’ म्हणतात. सहा-आठ जणांचा एक गट, त्याला ‘रोप’ म्हणतात, आणि प्रत्येक रोपचा एक लीडर. सगळ्या कोर्सचा मिळून एक कोर्स सीनियर.

महालची_आई
दादा, धागा काढला ते फार बरं केलं. मुलगी एकोणीस वर्षांची आहे, फॉर्म भरून झाला. शुद्ध शाकाहारी आहे, आणि घरात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक आहेत, तिची तपासणी अजून केलेली नाही. बाकी डोंगराचा काहीच अनुभव नाही, रोज धावते तेवढंच. काय काय पाहावं लागेल?

डॉ_धंतोली
ताई, तपासणीचं सगळ्यात आधी. हे विदर्भातल्या प्रत्येक पालकानं वाचावं. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात सिकलसेलचे वाहक भरपूर आहेत आणि बहुतेकांना ते माहीतच नसतं, कारण वाहकाला रोजच्या जगण्यात काही होत नाही. उंचीवर गोष्ट बदलते. ऑक्सिजन कमी, पाणी कमी प्यायलेलं आणि अंगावर ओझं, हे तिन्ही एकदम आलं की वाहकाच्याही तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकू शकतात आणि प्लीहेचा रक्तपुरवठा तुटतो. लक्षण म्हणजे डाव्या बरगडीखाली अचानक जोरात दुखणं, सोबत मळमळ किंवा उलटी, कधी ताप. कॅम्पमध्ये याला गॅस समजून गोळी दिली जाते आणि वेळ जातो. उपाय ऑक्सिजन, सलाइन आणि ताबडतोब खाली आणणं हाच.

तपासणी दोन पायऱ्यांची आहे. सोल्युबिलिटी चाचणी फक्त ‘आहे की नाही’ एवढंच सांगते, वाहक की रुग्ण ते सांगत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस चाचणी लागते. रिपोर्टमध्ये एसएस, म्हणजे रुग्ण, असं आलं तर हा कोर्स नाही, विषय संपला. एएस, म्हणजे वाहक असेल, तर रक्तविकारतज्ज्ञाचा सल्ला घ्या, संस्थेच्या वैद्यकीय फॉर्मवर स्पष्ट लिहा आणि तिथल्या डॉक्टरांना तोंडी सांगा. लपवलं तर निदानाला उशीर होतो, आणि जीव जातो तो त्या उशिरानं.

आणखी एक. वाहक मुलामुलींनी नागपूरच्या एप्रिल-मेमध्ये धावण्याच्या शर्यती लावू नयेत. उन्हात जीव तोडून केलेल्या व्यायामानं स्नायू फुटून मूत्रपिंडावर येऊ शकतं. वेग हळूहळू वाढवायचा, मध्ये थांबायचं, पाणी प्यायचं.

महालची_आई
डॉक्टर, मनापासून आभार. उद्याच तपासायला नेते.

रामटेकची
तयारीबद्दल. ताई, रोज धावते हे चांगलं आहे, पण अर्धंच झालं. धावण्यानं दम वाढतो. कोर्समध्ये मोडतात ते गुडघे आणि खांदे, आणि तेही चढताना कमी, उतरताना जास्त. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच वजन झेलतो. सपाट शहरात त्याला ही सवयच नसते, म्हणून पहिल्या मोठ्या उतारानंतर दोन दिवस जिना उतरवत नाही.

उपाय जिना. सात मजली इमारत म्हणजे साधारण २१ मीटर. पंधरा फेऱ्या केल्या की ३१५ मीटर चढ आणि तेवढाच उतार. लिफ्टनं खाली यायचं नाही, उतरण्यातच खरी कमाई आहे. पहिले दोन आठवडे रिकाम्या पाठीनं, मग सॅकमध्ये ५ किलो, दर आठवड्याला दोन किलो वाढवत १४-१५ किलोपर्यंत. वजन म्हणून पाण्याच्या बाटल्या भरा. काही दुखलं तर वरच पाणी ओतून हलकं होऊन उतरता येतं. डंबेल टाकू नका, ते तळाशी जाऊन कंबर खेचतात. आठवड्यातून एकदा रामटेकचा गड सॅकसह दोनदा चढून उतरा. सवड असेल तर चिखलदरा किंवा पचमढीला दोन दिवस सलग चाल करा. दुसऱ्या दिवशी सकाळी पाय काय सांगतात ते कळलं पाहिजे.

निघायच्या आधी ५ किलोमीटर तीस मिनिटांच्या आत आणि १५ किलो घेऊन तासाभरात ३०० मीटर चढ एवढं जमलं की शरीराची बाजू झाली. मे महिन्यात हे सगळं पहाटे साडेचार ते साडेसहातच. शेवटचे सहा दिवस वजन उचलू नये, नुसतं चालावं.

अंबाझरी_पहाट
रामटेकताई, एवढा जिना कशाला? रोज दहा किलोमीटर धावणारे पोट्टे तिथे आरामात निघतात. उगाच गुडघे खराब होतील.

रामटेकची
भाऊ, आरामात निघतात ते पीटीत. ओझं घेऊन चालताना पहिल्या दोन दिवसांत मागे पडणाऱ्यांत धावणारे बरेच असतात. त्यांना वेगाची सवय असते आणि ते सुरुवातीलाच जोरात निघतात. उंचीवर जोरात निघणं हीच चूक. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल तोच वेग. जिन्याबद्दल म्हणाल तर गुडघा उतरताना आपटल्यानं बिघडतो. पंजा आधी टेकवून, गुडघा किंचित वाकवून, आवाज न करता उतरायची सवय लागली की तोच गुडघा कोर्समध्ये वाचतो.

दोर_आणि_गाठ
कातळाच्या टप्प्यावर लिहितो.

गाठी घरूनच घोटून जा. ८-९ मिलीमीटरची तीन मीटर दोरी आणि ६ मिलीमीटरची दीड मीटर दोरी पुरते. फिगर ऑफ एट (दोर परत फिरवून बांधलेली), बोलाइन, क्लोव्ह हिच, डबल फिशरमन, टेप नॉट, प्रुसिक आणि इटालियन हिच, एवढ्या सात. डोळे मिटून आणि हातमोजे घालून बांधता आल्या पाहिजेत, कारण परीक्षा थंडीत असते. गाठ बांधली म्हणजे झालं नाही, ती ‘लावावी’ लागते. फिगर ऑफ एटच्या दोन्ही पदरांत कुठे तिढा नको, चारही टोकं एकेक करून ओढून घट्ट करायची, उरलेलं टोक निदान वीतभर. आखूड टोक सोडल्यावर उस्ताद ओरडतात ते शिस्तीपायी नाही. ताण येतो-जातो तशी गाठ टोक गिळत जाते. टेप नॉटचं तर फारच. प्रुसिक म्हणजे मोकळी असताना दोरावर सरकणारी आणि ताण आला की आवळणारी गाठ. ती ६ मिलीमीटरच्या दोरीची, मुख्य दोरावर तीन वेढे. वेढे एकमेकांवर चढले की ती धरत नाही. आणि तिची दोरी मुख्य दोरापेक्षा बारीकच हवी, सारख्या जाडीची घेतली तर घसरते.

चढताना तीन बिंदू कातळावर, चौथा हलवायचा, हे पहिल्याच दिवशी सांगतात. तरी सगळे हातांनी लोंबकळतात आणि दहा मिनिटांत मनगटं भरून येतात. हात शक्य तितके सरळ ठेवा, टाचा खाली, नजर पायांवर. वजन उचलायचं काम पायांचं, हातांचं काम तोल सांभाळणं.

रॅपलिंगमध्ये, म्हणजे दोरावरून कातळ उतरताना, मुलं घाबरतात ती कडेवरच्या पहिल्या पावलाला. घाबरून माणूस उभा राहतो आणि कातळाला बिलगतो. तसं केलं की वजन तळव्यावर उभं पडतं, बूट सटकतात आणि तोंड आपटतं. मागे झुकून पाय कातळाला जवळजवळ काटकोनात आले की बूट कातळावर दाबले जातात आणि धरतात. पाय खांद्याइतके फाकलेले, ब्रेकचा (खालचा दोर धरणारा) हात कमरेच्या मागे, मान त्याच बाजूला वळवून खाली पाहायचं. ब्रेकचा हात काही झालं तरी सोडायचा नाही, माशी बसली तरी दुसऱ्या हातानं उडवायची.

अपघात होतात ते असे. केस किंवा ओढणीचं टोक डिसेंडरमध्ये (उतरताना दोर ज्यातून सरकतो त्या साधनात) ओढलं जातं, म्हणून वेणी शर्टाच्या आत आणि हेल्मेटचा पट्टा बांधलेला. हार्नेसचा (कमरेला-मांड्यांना बांधायच्या साजाचा) पट्टा बकलमधून उलटा घालायचा राहतो आणि ताण येताच सरकतो. कॅराबिनरचा (दोर अडकवायच्या धातूच्या कडीचा) स्क्रू थरथरीनं उघडत जातो, म्हणून गेट असं लावायचं की स्क्रू खालच्या दिशेला फिरून बंद होतो. ब्रेकचा हात सुटला तर धरायला लावलेली बॅकअपची प्रुसिक लांब ठेवली तर तीच डिसेंडरमध्ये शिरून अडकते आणि माणूस मध्येच टांगून राहतो. निघण्यापूर्वी जोडीदारानं हात लावून तपासायचं : बकल, गाठ, कॅराबिनर, हेल्मेट. नुसतं पाहून ‘ठीक आहे’ म्हणणं चालत नाही.

सेमिनरी_हिल्स
बर्फाचं मी जोडतो. क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे धातूचे दात) घातले की पायांत हातभर नाही तरी वीतभर अंतर ठेवून चालायचं. नाही तर एका पायाचे दात दुसऱ्या पायाच्या गेटरमध्ये (बुटावरून पोटरीला बांधलेल्या कापडात) अडकतात, आणि उतारावरची बरीच पडझड अशीच होते. उतारावर सगळे दात एकदम टेकले पाहिजेत, कडेनं पाऊल रोवायचं नाही. दुपारी बर्फ ओला होऊन दातांत गोळा बसतो, मग पाय घसरतो. दर थोड्या पावलांनी बर्फाच्या कुऱ्हाडीच्या, म्हणजे आइस अॅक्सच्या दांड्यानं बुटाला टकटक करून तो पाडायचा.

घसरल्यावर स्वतःला थांबवायचा सराव भरपूर घेतात. एका हाताची पकड अॅक्सच्या डोक्यावर, ते खांद्याजवळ. दुसरा हात दांड्याच्या टोकाकडे, कमरेशी. छातीचं सगळं वजन दांड्यावर. क्रॅम्पॉन असतील तर गुडघे वाकवून पावलं वर उचललेली, कारण दात बर्फात रुतले तर माणूस उलटा फेकला जातो. हातांची ही ठेवण घरी साध्या काठीनं गादीवर घोटता येते. डावी-उजवी दोन्ही बाजू घोटा. पडताना बाजू निवडायला मिळत नाही.

डॉ_धंतोली
उंचीचं राहिलं होतं. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबावं. संस्था आपला कार्यक्रम त्याच हिशेबानं आखतात. डोकेदुखी आणि सोबत भूक न लागणं, मळमळ, चक्कर किंवा गळून जाणं यांतलं काही असेल तर तो उंचीचाच त्रास समजायचा. दोन धोक्यांत वाट पाहायची नाही. बसल्या जागी धाप, ओला खोकला, गुलाबी फेस : फुप्फुसात पाणी. टाचेला पंजा लावत सरळ रेषेत चालता न येणं, बडबड किंवा एकदम गप्प होणं : मेंदूला सूज. दोन्हींत उतरवणं, रात्र असली तरी.

डायमॉक्स (उंचीचा त्रास टाळायची गोळी) कोणी सांगितली म्हणून सुरू करू नका. प्रतिबंधक मात्रा साधारण १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा असते. सल्फाची अॅलर्जी आहे का ते विचारून, डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच घ्यावी आणि वर जाण्याआधी घरी एकदा घेऊन पाहावी. बोटांना मुंग्या येणं हा तिचा नेहमीचा परिणाम आहे, त्यानं घाबरू नये. झोपेच्या गोळ्या आणि दारू पूर्ण बंद.

सगळ्यात मोठी चूक सांगू? मुलं त्रास लपवतात, ग्रेड जाईल म्हणून. डोकं दुखतं हे वेळेवर सांगणाऱ्याला एक दिवस विश्रांती मिळते. लपवणाऱ्याला दुसऱ्या रात्री चौघे मिळून खाली आणतात.

पाठीवर_घर
सॅक आणि कॅम्प. सॅक, स्लीपिंग बॅग, फेदर जॅकेट, प्लॅस्टिकचे बूट, क्रॅम्पॉन, अॅक्स, हार्नेस, हेल्मेट हे संस्था देते. सही करण्याआधी सॅकची चेन, क्रॅम्पॉनचा पट्टा, कॅराबिनरचं गेट आणि जॅकेटची शिवण तपासून घ्या, बूट दोन मोजे घालून पाहा. सही झाल्यावर फाटकं निघालं तर ते तुमचं, हरवलं तर भरपाईही तुमची.

घरून आणायचं ते थर्मलचे दोन जोड, पातळ सिंथेटिक मोजे चार आणि जाड लोकरीचे दोन, गॉगल (बाजू झाकणारा), हेडटॉर्च, एक लिटरच्या दोन बाटल्या, पाँचो (सॅकवरूनही येणारा सैल रेनकोट), सनस्क्रीन. सुती बनियान आणि जीन्स घरीच ठेवा. सुती कापड घामानं भिजलं की वाळत नाही आणि थांबल्या थांबल्या अंग गार पाडतं.

सॅक भरताना आत आधी मोठी पॉलिथिनची पिशवी, तळाला स्लीपिंग बॅग, जड वस्तू पाठीला चिकटून खांद्याच्या फळ्यांच्या मधोमध, हलकं बाहेरच्या अंगाला, पाँचो आणि पाणी सगळ्यात वर. कंबरपट्टा आधी आवळायचा, मग खांद्याचे पट्टे. उलट केलं की सगळं वजन खांद्यावर येतं आणि हात बधिर होतात.

पाय. नखं निघण्याच्या चार-पाच दिवस आधी सरळ कापा. घरून नेलेले चालायचे बूट नवे असतील तर आधी निदान ६०-७० किलोमीटर चालवलेले हवेत. चालताना टाचेला चटका बसल्यासारखं वाटलं की तिथेच थांबून टेप लावायची. ‘पुढच्या थांब्यावर बघू’ म्हटलं की पुढच्या थांब्यावर फोड असतो.

रात्री बुटांचे आतले मऊ भाग, टॉर्चचे सेल आणि ओले मोजे स्लीपिंग बॅगमध्ये घ्या. पाण्याची बाटली उलटी ठेवा. बर्फ वरून धरतो, सकाळी सरळ केली की झाकणाकडचं पाणी मोकळं असतं.

संत्रामार्केट
शाकाहारी मुलांनी जेवणाची काळजी करू नये, डाळ, भात, पोळी, भाजी, खिचडी सगळीकडे मिळते. त्रास निराळाच होतो, उंचीवर भूक मरते. म्हणून खिशात भाजलेले शेंगदाणे, खजूर, गूळ, फुटाणे असं तासातासाला चिमूटभर खाता येईल ते हवं. चिवडा नेऊ नका, कोरड्या घशाला जात नाही आणि तहान वाढवतो.

रामटेकची
मुलींसाठी थोडं. थंडी, ओझं, उंची यांनी पाळी पुढेमागे होते, म्हणून तारखेवर विसंबू नका. अडीच-तीन दिवसांचे जास्तीचे पॅड, ओले पुसणे, काळ्या घट्ट झिपच्या पिशव्या न्या. वापरलेले पॅड हिमनदीवर पुरायचे नाहीत, तिथे कुजत नाही काही. ते खाली परत आणायचे. आणि बाहेर जावं लागू नये म्हणून पाणी कमी पिणं, ही मुलींमध्ये सर्रास दिसणारी आणि धोक्याची सवय. दिवसाला तीन-चार लिटर झालंच पाहिजे. जोडी करून जायची पद्धत पहिल्याच दिवशी ठरवून टाका.

खिंडसी
नेतृत्वाबद्दल कोणी लिहिलं नाही, खरं तर कोर्स त्याचाच आहे. रोप लीडर म्हणजे सगळ्यांत ताकदवान पोरगा असा समज असतो. लीडरचं काम असं : फॉल-इनच्या (रांगेत हजर होण्याच्या) पाच मिनिटं आधी मोजणी, कोणाची बाटली रिकामी ते पाहणं, सामानाचा हिशेब, आजारी कोण ते उस्तादांना सांगणं. चालताना लीडर पुढे पळाला की गट अर्धा किलोमीटर पसरतो. सगळ्यांत हळू चालणाऱ्याला दुसऱ्या क्रमांकावर ठेवा, भरवशाचा माणूस शेवटी. पन्नास मिनिटं चाल, दहा मिनिटं थांबा. थांबताच आधी जॅकेट, मग पाणी, मग फोटो. मागचे पोहोचल्या पोहोचल्या पुढच्यांनी निघायचं नाही. ज्याला विश्रांतीची गरज सगळ्यांत जास्त, त्यालाच मग ती मिळत नाही.

अमेरिकेतल्या नॅशनल आउटडोअर लीडरशिप स्कूलनं (संस्थापक पॉल पेट्झोल्ट, स्थापना १९६५) नेतृत्वाचे चार प्रकार सांगितलेत : नेमलेला नेता, जागरूक अनुयायी, बरोबरीच्यांनी मिळून चालवणं आणि स्वतःला चालवणं. त्यांच्याकडे विद्यार्थी तीन-चार जणांच्या गटात स्वतः स्वयंपाक करतात आणि शिधा वजनावर काढतात, माणशी रोज पाऊण ते एक किलोच्या आसपास. आपल्या संस्थांत मेस असते, तरी दुसरा आणि चौथा प्रकार रोज तपासला जातो. भांडी कोण घासतं, दुसऱ्याचा दोर कोण गुंडाळतं, फॉल-इनला कोण धापा टाकत येतं, उस्तादांच्या वहीत हे सगळं असतं.

अंबाझरी_पहाट
खिंडसी दादा, मग ए ग्रेड कशावर देऊन राहिले? आणि ती नाही मिळाली तर?

खिंडसी
कातळ, बर्फ, गाठी, लेखी परीक्षा, ओझ्यासह चाल आणि वागणं, सगळं मिळून. पुढच्या अॅडव्हान्स कोर्सला बेसिकची ए ग्रेड लागते, आणि त्यापुढच्या सर्च अँड रेस्क्यू (शोध आणि बचाव) किंवा मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन (प्रशिक्षक होण्याचा) कोर्सला अॅडव्हान्सची. लेखी परीक्षेत आपली मुलं मागे पडतात, दमून वहीच लिहीत नाहीत. रोज रात्री पंधरा मिनिटं, गाठीची आकृती आणि तिचा उपयोग, एवढं लिहिलं तरी पुरतं. ए नाही मिळाली तर पुढे जायला बेसिक पुन्हा करावा लागतो.

महालची_आई
अजून एकच. उत्तरकाशीला कोर्सच्या आदल्या दिवशी पोहोचलं तर चालेल?

सेमिनरी_हिल्स
ताई, शक्य तर दोन दिवस आधी. नागपूरहून दिल्ली, तिथून हरिद्वार किंवा ऋषीकेश, पुढे डोंगरातली सहा-सात तासांची बस. ऋषीकेशहून गाड्या पहाटे सुटतात, दुपारनंतर मिळणं कठीण, म्हणून तिथे रात्री मुक्काम धरा. पावसाळ्यात दरड पडून रस्ता अर्धा दिवस बंद राहतो. वैद्यकीय प्रमाणपत्र, पालकांच्या सहीचं हमीपत्र आणि तिचा सिकलसेलचा रिपोर्ट, तिन्हींच्या दोन-दोन प्रती काढा. एक संच तिच्या पाठपिशवीत, एक सामानात. रिपोर्ट आला की इथे कळवा.